घमेलं आणि मत

इंग्लंडात लेस्टर नावाचं शहर आहे. तिथे २०१२ साली एका कार पार्किंगखाली खणलं, तर राजा सापडला. तिसरा रिचर्ड. पाचशे वर्षांहून जास्त काळ बिचारा तिथे पडून होता. पुण्यात ही बातमी वाचली तेव्हा आम्हाला राजा सापडल्याचं नवल वाटलं नाही. पार्किंग सापडलं, याचंच वाटलं.

माझा मामेभाऊ तिकडेच एका खेड्यात राहतो. तिथे म्हणे हौशी गावकऱ्यांना बोलावून खणायला लावतात. परसात एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखायचा, दहा-दहा सेंटिमीटर माती उतरवायची, चाळायची आणि जे मिळेल ते धुऊन जाणकारांना दाखवायचं. त्याने फोटो पाठवला. गुडघे चिखलात, हातात ब्रश आणि चेहऱ्यावर मोहेंजोदडो सापडल्याचा आनंद. सापडलं होतं काय, तर व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या बशीचा तुकडा. आमच्या घरात त्या काळातली अख्खी बशी होती. ती मी सातवीत असताना फोडली. तेव्हा कुणी माझा फोटो काढला नव्हता. जे काढलं ते वेगळंच होतं.

आपल्याकडे अशी सोय नाही. पुरातत्त्वीय उत्खनन करायचं तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो. तो विद्यापीठांना, संशोधन संस्थांना, राज्यांच्या पुरातत्त्व खात्यांना मिळतो. ‘मला लहानपणापासून आवड आहे’ एवढ्या पात्रतेवर मिळत नाही. हे योग्यच आहे. आवडीवर परवाने मिळत असते, तर एव्हाना सदाशिव पेठेची विहीर झाली असती.

पण कायद्यात एक फट राहून गेली आहे. टिकाव चालवायला परवाना लागतो, मत चालवायला लागत नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, गावोगाव पायपीट करून जुने कागद मिळवले. आम्ही पुणेकरांनी तो वारसा जसाच्या तसा घेतला. फक्त पायपीट तेवढी वगळली.

तर अशा मला एप्रिलमध्ये निरोप आला. ‘रविवारी सिंहगडावर एका टाक्यातला गाळ काढायचा आहे. लेखी परवानगी आहे. सकाळी साडेपाच, खडकवासला, धरणाजवळ. जुने कपडे, टोपी, पाणी आणावे.’ मी तो ‘उत्खनन’ असा वाचला. मोडी वाचताना मोठमोठ्यांचं असं होतं, मग मी तर मोबाइल वाचत होतो, तोही चष्म्याशिवाय.

जाण्याआधी अभ्यास हवा म्हणून कायदा चाळला. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आजही आहे. जमिनीत दडलेला, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ऐवज सापडला, तर सापडणाऱ्याने कलेक्टरला कळवायचं. दहा रुपये! मी पाकिटात कलेक्टर कचेरीचा फोन नंबर लिहून ठेवला. शेजारून आवाज आला, “आणि अंगदुखीचं मलम?” ते मात्र विसरलो. इतिहासात असे क्षण येतात.

खडकवासल्याला पुणेकर दोन कामांसाठी जातो. एक, कांदाभजी खायला. दोन, धरणात पाणी किती आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून पेपरातला टीएमसीचा आकडा खोटा पाडायला. साडेपाचला भजी नव्हती, म्हणून आम्ही पाण्याकडे बघत उभे राहिलो. हे धरण इंग्रजांनी बांधलं. १८७९ साली पुरं झालं आणि तलावाला फाइफ या इंजिनिअर साहेबाचं नाव दिलं. साहेबाचं नाव वाहून गेलं, खडकवासला उरलं. पुढे १२ जुलै १९६१ ला वर पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने हेही फुटलं आणि मुठा पुण्याच्या घराघरांत शिरली. शाळेत इतिहासाचे प्राचीन, मध्ययुगीन आणि आधुनिक असे तीन कालखंड शिकवतात. पुण्यात दोनच आहेत : पुराच्या आधीचा आणि पुराच्या नंतरचा.

“पुरात मी सात वर्षांचा होतो,” असं म्हणून एका काकांनी ओळख करून दिली. नाव नंतर सांगितलं. ‘पाणी कुठपर्यंत आलं होतं’ हे त्यांनी हाताने दाखवलं आणि बघता बघता हात डोक्याच्या वर गेला. दुसरा एक संगणकवाला तरुण होता. गुडघ्यांना पॅड, हातात मोजे, कपाळावर दिवा. सूर्य उगवला तरी त्याने दिवा मालवला नाही. एक आई आपल्या दहा वर्षांच्या मुलाला मोबाइलपासून सोडवायला घेऊन आली होती. मुलगा सुटला, आई त्यात अडकली. आम्हा बावीस जणांचा म्होरक्या म्हणजे चोवीस-पंचवीस वर्षांचा एक मुलगा. आठवडाभर गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करतो, रविवारी किल्ले. सगळे त्याला ‘दादा’ म्हणत होते. तो मला ‘काका’ म्हणाला. मी हे मोठ्या मनाने घेतलं.

जीप डोणज्याच्या पुढे आली आणि युनेस्कोचा विषय निघाला. २०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. रायगड, राजगड, शिवनेरी, लोहगड, पार तमिळनाडूतला जिंजीसुद्धा. सिंहगड नाही! जिथे ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे पडले तो सिंहगड नाही, म्हणजे काय? एकाच्या मते हे राजकारण, दुसऱ्याच्या मते भज्यांचे स्टॉल, तिसऱ्याच्या मते परदेशी माणसांना घाट लागला असणार. विषय घाटमाथ्यापर्यंत पुरला. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, “नाही घेतला तेच बरं झालं साहेब. आत्ताच रविवारी गाडी लावायला जागा नसते.” लेस्टरच्या राजाची मला पुन्हा आठवण झाली.

टाकं कातळात खोदलेलं होतं, साधारण एखाद्या वन बीएचकेच्या हॉलएवढं. खोली किती, हे गाळ काढल्याशिवाय कळणार नव्हतं. काकांनी ती उतरायच्या आधीच सांगितली. “अठरा फूट. खाली भुयार. थेट खडकवासल्याला निघतं.” महाराष्ट्रातल्या प्रत्येक किल्ल्यावर एक भुयार असतं आणि ते कुठे निघतं हे न पाहिलेल्या माणसाला पक्कं ठाऊक असतं.

देखरेखीला एक मुलगी होती. डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकलेली. पायांत साधे बूट, हातात वही, कमरेला टेप. बोलणं मोजकं. तिने चार नियम सांगितले. “एक, आपण उत्खनन करत नाही, गाळ काढतोय. दोन, गाळ संपून घट्ट माती लागली की थांबायचं. तीन, काही सापडलं तर उचलायचं नाही, हाक मारायची. चार, दगडावर नाव कोरायचं नाही.” पहिल्या नियमाला माझा चेहरा पडला. चौथ्या नियमाला एका मध्यमवयीन गृहस्थाचा पडला. त्यांची नजर अभावितपणे समोरच्या तटाकडे गेली होती.

“पण ताई, हे टाकं कोणत्या काळातलं?” काकांनी विचारलं.

“सांगता येत नाही,” ती म्हणाली.

काकांनी माझ्याकडे बघितलं. आजकालच्या शिक्षणाबद्दल एका नजरेत जेवढं बोलता येतं, तेवढं ते बोलले.

मग साखळी लागली. खाली टाक्यात चौघं फावड्याने घमेली भरणार, बाकीचे पायऱ्यांवरून वरपर्यंत ओळीने उभे. भरलेलं घमेलं या ओळीने वर, रिकामं त्या ओळीने खाली. ओल्या गाळाचं घमेलं बारा-पंधरा किलोंना ऐकत नाही. पहिलं आलं तेव्हा मी ‘जय शिवाजी!’ म्हणून घेतलं. दहाव्याला ‘द्या’ म्हणालो. तिसाव्याला नुसते हात पुढे केले. साठाव्याला माझ्या खालच्या पायरीवरच्या माणसाकडे असं बघितलं, की तो म्हणाला, “मी नाही हो भरलं, खालून आलंय.”

त्या दिवशी मला एक शोध लागला. त्याला परवाना लागत नाही म्हणून इथे जाहीर करतो. दम आणि मत दोन्ही एकाच नळीतून बाहेर पडतात, त्यामुळे एका वेळी एकच येतं. पहिल्या अर्ध्या तासात साखळीत सातवाहन होते, यादव होते, आदिलशाही होती, दोन भुयारं होती आणि तोफेच्या गाड्याच्या चाकाबद्दल एक खाजगी सिद्धान्त होता. काका चौथ्या घमेल्याला आदिलशाहीत होते, विसाव्याला पेशवाईत आले, चाळिसाव्याला ‘हं’ वर. पन्नासाव्यानंतर गडावर अशी शांतता पसरली, की बुलबुल ऐकू येत होता. इतिहासाचं एवढं निखळ वातावरण मी कुठल्या परिसंवादात अनुभवलेलं नाही.

गाळाचे थर मात्र शिस्तीत निघत होते. वरचा थर वेफर्सच्या पुड्यांचा. त्यावर छापील किंमत असते, तारीख असते. एवढं सुख पुरातत्त्वात एरवी मिळत नाही, असं ताई म्हणाली. सकाळपासूनचा हा तिचा पहिला विनोद. दहा रुपयांचा थर, मग पाच रुपयांचा थर. खाली जावं तशी महागाई कमी होत होती. असंच खणत राहिलो तर स्वस्ताई लागेल, अशी आशा वाटायला लागली. पुड्या संपल्या तशा गोटी सोड्याच्या बाटलीच्या काचा लागल्या, एका पायातली स्लीपर लागली, गंजलेली कडी लागली. एक कॅसेट निघाली, फितीची आतडी बाहेर आलेली. आमच्या दहा वर्षांच्या स्वयंसेवकाने ‘हे काय असतं?’ विचारलं आणि साखळीतले बावीसपैकी चौदा जण एका क्षणात पुरावशेष झाले.

तेवढ्यात तोच पोरगा ओरडला, “ताई, नाणं!”

साखळी मोडली. बावीस डोकी टाक्यावर वाकली. माझा हात पाकिटातल्या कलेक्टरच्या नंबराकडे गेला. ताईने ब्रशने माती झाडली. चार आणे. गेंड्याचं चित्र असलेलं, स्टीलचं. २०११ साली चलनातून गेलेलं. गुप्तधनाच्या कायद्यात बसायला आणखी नऊ रुपये पंच्याहत्तर पैशांहून जास्त हवे होते.

“गेंडाच सापडायचा, तर दायमाबादला सापडला तसा सापडावा,” मी जड मनाने म्हणालो. ही माहिती खरी होती, म्हणून ती देतो. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद आहे. तिथे १९७४ साली चार कांस्यमूर्ती मिळाल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ. मिळून साठ किलोंच्या वर वजन. त्या संशोधकांना सापडल्या नाहीत. शेजारच्या एका भिल्ल शेतकऱ्याला, झाडाचं खोड उपटताना सापडल्या. त्याला सातवाहनांबद्दल काही मत होतं, अशी कुठे नोंद नाही.

साडेदहाच्या सुमारास खरी वस्तू निघाली. तांबड्या मातीचं एक खापर. तळहाताएवढं, एका कडेला बोटाने ओढल्यासारखी रेघ. साखळीला इतका वेळ विश्रांती मिळाली होती, की दम परतला होता, म्हणजे अर्थात मतंही परतली. “सातवाहन!” काका म्हणाले. “रेघ बघा ना.” संगणकवाल्याने कपाळावरचा दिवा त्यावर रोखला आणि मोबाइलमध्ये फोटो शोधून “इनामगाव!” असा निकाल दिला. तटाकडे बघणारे गृहस्थ म्हणाले की यावर रक्ताचे डाग असू शकतात. मी या वादात पडलो नाही. फक्त एवढंच म्हणालो, की यादवकाळ नाकारता येणार नाही.

सकाळपासून पायऱ्यांच्या टोकाशी दह्याची पाटी घेऊन एक मावशी बसल्या होत्या. पायथ्याच्या वाडीवरून डोक्यावर पाटी घेऊन रोज गड चढणाऱ्यांपैकी. त्या उठून आल्या, खापराकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, “आमच्या सासूबाईच्या गाडग्याला अशीच रेघ असायची. दह्याचं आसंल. फुटलं म्हंजी लोक पाण्यातच टाकत्यात.”

सगळ्यांनी ताईकडे बघितलं. आता तज्ज्ञाने बोलायची वेळ होती. ताईने खापर मोजलं, फोटो काढला, कुठल्या कोपऱ्यात, किती खाली मिळालं ते टेप लावून लिहिलं. वहीतली नोंद मी मान वाकडी करून वाचली. ‘खापर १. तांबडे. काळ : अनिश्चित.’

“अहो, पण काहीतरी अंदाज असेलच ना?” काका काकुळतीला आले.

ती हसली. म्हणाली, “काका, इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत खणलं. सांकलिया सर, ढवळीकर सर, अन्सारी सर. घोड नदीकाठी तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं अख्खं गाव बाहेर काढलं. शंभरावर घरं. लोक काय पेरत, काय खात, ते कळलं. लहान मुलं गेली तर दोन घटांची तोंडं जुळवून त्यात ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत, हे कळलं. मोठ्या माणसांना पुरताना घोट्यापासून पाय तोडत, हेही कळलं. का तोडत असतील? मेलेल्याने चालत परत येऊ नये म्हणून असेल. एवढी वर्षं खणून, एवढं सगळं मांडून, त्या जागी पुस्तकात शब्द काय येतो? अंदाज. आपण आज खणायला लागून चार तास झालेत. आणि हे तर खणणंही नाही.”

कुणी काही बोललं नाही. मग मावशींनीच विचारलं, “दही घेता का?”

दही घेतलं. पिठलं-भाकरीही घेतली. जेवताना काकांनी पुराची गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी मात्र हात डोक्याच्या वर गेला नाही, खांद्यापर्यंतच वर आला. खांदा दुखत होता म्हणून असेल, किंवा पाणीही तेवढंच आलं असेल. मी दोन्ही शक्यता खुल्या ठेवल्या. माझ्यात सुधारणा होत होती.

दुपारी तीनला दादाने थांबवलं. टाक्याचा तळ लागला नाही, भुयारही लागलं नाही. ताईने भिंतीवर गाळाची जुनी रेघ आणि नवी रेघ यांतलं अंतर मोजलं. तीन फूट दोन इंच. दिवसभरात मी ऐकलेलं हे एकमेव विधान, ज्यावर कुणी वाद घातला नाही. आम्ही बावीस जणांनी मिळून ते केलं होतं आणि त्यातला प्रत्येक इंच कुणाच्या तरी कमरेत शिल्लक होता.

उतरताना खडकवासल्याच्या चौपाटीवर थांबलो. संध्याकाळ होती, भजी होती, पाण्यापलीकडे एनडीएची हिरवी टेकडी होती. एक कुटुंब मोटारीतून उतरलं आणि त्यातले बाबा धरणाकडे बघून मुलांना सांगू लागले, “हे पेशव्यांनी बांधलं.” माझ्या तोंडात १८७९ आलं होतं, फाइफ आला होता. काकांच्याही तोंडात आलं असावं. पण आमच्या दोघांच्या हातांतून भजी उचलली जात नव्हती, तिथे पेशवे काय उचलणार?

सोमवारी सोसायटीच्या जिन्यात मी कठड्याला धरून, एकेक पायरी आडवा होऊन उतरत होतो. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांनी अडवलं. त्यांच्याकडे शनिवारवाड्याच्या कारंज्याबद्दल एक स्वतंत्र सिद्धान्त आहे. “काय, गडावर जाऊन आलात म्हणे? टाकं बघितलंत? मी सांगतो, ते शिवपूर्वकालीन. तुमचं काय मत?”

मी कठडा घट्ट धरला, श्वास आत घेतला आणि म्हणालो, “सांगता येत नाही.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आजकालच्या म्हाताऱ्यांबद्दल एका नजरेत जेवढं बोलता येतं, तेवढं ते बोलले.

तर वाचकहो, टाक्यात अजून गाळ आहे आणि पाऊस जूनमध्ये यायचा आहे. पुढचा रविवार, सकाळी साडेपाच, खडकवासला, धरणाजवळ. जुने कपडे, टोपी, पाणी आणि अंगदुखीचं मलम आणावं. मत आणलं तरी चालेल, चाळिसाव्या घमेल्यापर्यंत ते आपोआप उतरतं. घमेली आमच्याकडे भरपूर आहेत, माणसं कमी पडतात.